संगणकाच्या पोटातला संगणक

संगणकाचं बटण दाबल्यावर, विंडोजचं चित्र पडद्यावर येण्याआधी, दोन-तीन सेकंदांची एक फट असते. त्या फटीत एफ-टू, एफ-टेन किंवा डिलीट, यांपैकी त्या कंपनीनं ठरवलेली कळ दाबली की एक वेगळंच पान उघडतं. त्याला बायोस म्हणतात. नव्या यंत्रांत त्याचं नाव यूईएफआय झालं आहे, पण दुरुस्तीच्या दुकानात अजून सगळे बायोसच म्हणतात. त्या पानाच्या आतल्या कुठल्यातरी कप्प्यात एक ओळ असते, 'व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी', आणि तिच्यापुढे दोहोंपैकी एक शब्द असतो : 'एनेबल्ड' नाहीतर 'डिसेबल्ड'. म्हणजे चालू किंवा बंद. आपल्यापैकी बहुतेकांनी घरच्या संगणकात ही ओळ आयुष्यात पाहिलेली नसते आणि तिच्यावाचून कुणाचं अडलेलंही नसतं. मित्रहो, आज मी या एका ओळीचा इतिहास सांगणार आहे. कवितेतल्या माणसाला ही उठाठेव कशाला, असं मनात आलं असेल तर थोडा धीर धरा. कवितेचं आणि या ओळीचं नातं आहे, ते ओघात येईल.

आधी ही ओळ करते काय ते पाहू. एका संगणकाच्या पोटात दुसरा संपूर्ण संगणक चालवता येतो. लोखंडाचा नव्हे, नुसता भासाचा. बाहेर विंडोजची अगदी नवी आवृत्ती चालू असते आणि तिच्यातल्याच एका चौकटीत वीस वर्षांपूर्वीचा विंडोज एक्सपी उठून उभा राहतो. त्या एक्सपीला वाटतं, हा प्रोसेसर माझा, ही मेमरी माझी, ही डिस्क माझी. आपण कुणाच्या तरी घरात पोटभाडेकरू आहोत याचा त्याला पत्ताच नसतो.

आमच्या गेवराई-माजलगाव पट्ट्यातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला फार वेळ लागणार नाही. पैठणहून येणारा जायकवाडीचा उजवा कालवा त्याच्या शिवारातून जातो. पाणी एकच असतं, शेतं अनेक. प्रत्येकाची पाळी ठरलेली, आणि पाळी सांभाळायला पाटकरी असतो. पाणी आपल्या चारीत आलं की तेवढा वेळ शेतकऱ्याला वाटतं, सगळं धरण आपलंच. या भासाच्या संगणकांचाही असा एक पाटकरी असतो. त्याला इंग्रजीत हायपरवायझर म्हणतात. संगणकावर देखरेख करणाऱ्या मूळ प्रोग्रामला पूर्वी सुपरवायझर म्हणत, म्हणजे आपला मुकादम. त्या मुकादमाच्याही वरचा, म्हणून हायपरवायझर. ऊसतोडीच्या टोळीतल्या माणसाला या शब्दाची फोड वेगळी करून सांगायला नको.

ही कल्पना कालपरवाची नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिज इथं आयबीएम कंपनीचं एक संशोधन केंद्र होतं. १९६४ साली आयबीएमनं सिस्टिम-३६० ही संगणकांची मालिका जाहीर केली. तेव्हाचा संगणक म्हणजे खोली भरून यंत्र आणि डोळे पांढरे होतील अशी किंमत. वापरणाऱ्यानं छिद्रं पाडलेल्या पत्त्यांचा गठ्ठा खिडकीतून आत द्यायचा आणि उत्तरासाठी ताटकळत बसायचं. अनेकांना एकाच वेळी यंत्र वापरता यावं यासाठी तेव्हा वेगवेगळे प्रयोग चालू होते. रॉबर्ट क्रीसी या अभियंत्याच्या गटानं त्यातला सर्वांत धाडसी मार्ग धरला. प्रत्येकाला यंत्राचा तुकडा देण्यापेक्षा प्रत्येकाला अख्खं यंत्रच द्यायचं, पण भासाचं! त्यांची सीपी-४० ही प्रणाली १९६७ च्या सुरुवातीला कामाला लागली. तिच्यातून पुढे सीपी-६७ निघाली आणि १९७२ साली आयबीएमनं व्हीएम-३७० या नावानं तीच कल्पना बाजारात आणली. बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खाती यांच्या मोठ्या यंत्रांत ती रुळली.

१९७४ साली जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग या दोघांनी या साऱ्या खटाटोपाचा नियम लिहून ठेवला. नियम सोपा आहे. सामायिक मालमत्तेला हात लावणारी प्रत्येक आज्ञा पाटकऱ्याच्या कानावर गेलीच पाहिजे. शेतकऱ्यानं परस्पर दार उचलायचा प्रयत्न केला, की घंटा वाजली पाहिजे आणि पाटकरी धावत आला पाहिजे. घंटा न वाजवता हलणारं एक जरी दार असलं तरी पाळीचा हिशेब कोलमडतो.

आता आपल्या टेबलावरच्या संगणकाकडे वळू. त्याचं घराणं वेगळं. १९७८ साली इंटेलनं ८०८६ नावाचा प्रोसेसर काढला, त्याचा हा वंश. गरिबाच्या झोपडीत कोण दुसरा भाडेकरू ठेवणार, म्हणून या वंशात पाटकऱ्याचा विचार कुणी केलाच नाही. १९८५ च्या ३८६ प्रोसेसरात एक छोटी सोय आली. त्यात जुन्या ८०८६ चा भास निर्माण करता येत होता. विंडोजच्या चौकटीत डॉसचे जुने प्रोग्राम चालत, ते याच सोयीच्या बळावर. पण ३८६ च्या पोटात दुसरा ३८६ मात्र उभा राहत नव्हता. पुढे २००० साली दोन अमेरिकी अभ्यासकांनी पेंटियमच्या सगळ्या आज्ञा तपासल्या, तेव्हा नियम मोडणाऱ्या १७ आज्ञा सापडल्या. त्यांतली एक तर फारच मासलेवाईक आहे. पाहुण्यानं ती दिली की दार उघडतही नाही आणि घंटा वाजतही नाही. आज्ञा गुपचूप हवेत विरते. पाहुण्याला वाटतं काम झालं, आणि पाटकऱ्याला कळतच नाही की कुणी काही मागितलं होतं. सरकारी कचेरीत अर्ज दिलेल्या माणसाला हा अनुभव नवा नाही.

हे होणे नाही, असं जाणकार म्हणत असताना १९९८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातले मेंडेल रोझेनब्लम, त्यांच्या पत्नी डायन ग्रीन आणि आणखी तिघांनी व्हीएमवेअर ही कंपनी काढली. पुढच्याच वर्षी साध्या संगणकावर दुसरा संगणक चालवून दाखवला. त्यांची युक्ती दुभाष्याची होती. पाहुण्याच्या तोंडून निघणारी आज्ञा अडचणीची असेल तर ती यंत्रापर्यंत पोचण्याआधीच बदलून दुसरी घालायची. काम होई, पण दुभाष्याला सतत राबावं लागे.

मग प्रोसेसर बनवणाऱ्यांनी दुरुस्ती थेट सिलिकॉनमध्येच केली. इंटेलनं नोव्हेंबर २००५ मध्ये पेंटियम-४ च्या दोन प्रकारांत ही सोय दिली. तिचं घरातलं नाव व्हॅण्डरपूल आणि बाजारातलं नाव व्हीटी-एक्स. एएमडी कंपनीनं २००६ साली आपली सोय आणली. तिचं नाव एएमडी-व्ही, पण बायोसच्या पानावर ती बहुधा 'एसव्हीएम' या तीन अक्षरांत लपलेली असते. आता पाटकऱ्यासाठी प्रोसेसरात स्वतंत्र बैठक तयार झाली. पाहुणा काहीही करो, अडचणीची आज्ञा आली की ताबा आपोआप पाटकऱ्याकडे जातो. दुभाष्याचं निम्मं काम संपलं. २००७ च्या फेब्रुवारीत लिनक्सच्या गाभ्यातच केव्हीएम नावाचा पाटकरी बसला, तो याच सोयीच्या भरवशावर. त्याच्या पुढच्या घडणीला पुण्यात बसून काम करणाऱ्या अभियंत्यांचेही हात लागले आहेत. हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

मग इतकी कामाची सोय बंद का ठेवायची?

याचं एक कारण भीती हे होतं. २००६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत लास व्हेगासला संगणक-सुरक्षेच्या परिषदेत योआना रुटकोव्स्का या पोलंडच्या संशोधिकेनं 'ब्लू पिल' नावाचा प्रयोग मांडला. 'मेट्रिक्स' चित्रपटात निळी गोळी घेतलेला माणूस भासाच्या जगालाच खरं मानून जगत राहतो, त्यावरून हे नाव. प्रयोग असा होता : चालू असलेल्या विंडोजच्या खाली, त्याला न कळता, एक लबाड पाटकरी सरकवायचा. विंडोज क्षणात पाहुणा होऊन बसतो. घरात चोर शिरला तर कधीतरी पावलांचा आवाज येईल. पण घरच कुणाच्या तळहातावर आहे हे घरातल्यांना कसं कळावं? या प्रयोगानं बरीच खळबळ उडाली. हा चोर पकडता येतो की नाही यावर जाणकारांत वर्षभर हुज्जत चालली. दुसरं कारण साधं व्यवहाराचं. घरगुती गिऱ्हाईक ही सोय वापरत नाही, मग उघडी ठेवून जोखीम कशाला, असं यंत्र बनवणाऱ्यांना वाटे. काही लॅपटॉपांत तर बायोसच्या पानावर ही ओळच नसे. प्रोसेसरात सोय आहे, तिचे पैसेही तुम्ही भरलेत, पण बटण मात्र भिंतीत गाडून टाकलेलं. सोनीच्या वायो लॅपटॉपांबद्दल ही तक्रार जगभर गाजली.

आणि इथं एक बारकावा आहे. हे बटण विंडोज चालू असताना बदलता येत नाही. संगणक सुरू होताना बायोस प्रोसेसरातल्या एका ठरावीक जागी 'चालू' किंवा 'बंद' लिहितो आणि लगेच तिथं कुलूप घालतो. ते कुलूप पुढच्या वेळी यंत्र नव्यानं सुरू होईपर्यंत उघडत नाही. म्हणून बदल केल्यावर यंत्र पूर्ण बंद करून, वायर काढून, पुन्हा सुरू करायला सांगतात. तो टोटका नाही. काही जुन्या यंत्रांत त्याशिवाय बदल लागूच होत नसे.

सामान्य माणसाच्या कानावर हे बटण पहिल्यांदा आलं ते २००९ साली. त्या ऑक्टोबरात विंडोज-७ आला. लोकांचे जुने प्रोग्राम एक्सपीवर अडकलेले होते, म्हणून मायक्रोसॉफ्टनं वरच्या किमतीच्या आवृत्त्यांना 'एक्सपी मोड' दिला. विंडोज-७ च्या पोटात एक्सपी. पण अट अशी, की बायोसमधलं हे बटण चालू हवं. मग एकच गोंधळ उडाला. कुणाच्या यंत्रात बटण बंद, कुणाच्या यंत्रात बटणच नाही, आणि स्वस्तातल्या कित्येक प्रोसेसरांत मुळात सोयच नाही. जिल्ह्याच्या गावी सुटे भाग जोडून तयार केलेल्या यंत्रांत असलेच स्वस्तातले प्रोसेसर बसत. शेवटी मार्च २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टनं ती अट काढून टाकली.

आता कवितेकडे येतो.

नव्वदच्या दशकात आमच्या बीडसारख्या गावांतून खिळे जुळवणारा कंपोझिटर हळूहळू दिसेनासा झाला आणि डीटीपी सेंटरची पाटी आली. एक संगणक, एक लेझर प्रिंटर, ट्रेसिंग पेपरवर काढलेली पानं, तिथून प्लेट आणि ऑफसेट. पेजमेकर हा त्या दुकानांचा प्राण होता. लग्नपत्रिका, साखर कारखान्याचे वार्षिक अहवाल, चार पानी साप्ताहिकं, दिवाळी अंक, शाळांच्या स्मरणिका, कवितासंग्रह, निवडणुकीची पत्रकं, सारं त्यातूनच निघे. शेजारच्याच गल्लीत उर्दू पत्रिका लावणाऱ्याकडे १९९४ साली दिल्लीत तयार झालेला 'इनपेज' असे. दोघांची यंत्रं सारखी आणि दोघांचीही दुखणी तीच.

यंत्राला देवनागरी शिकवण्याचं श्रेय बऱ्याच अंशी कानपूरच्या आयआयटीला आणि १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकला जातं. जिस्ट नावाचं एक कार्ड असे. ते संगणकाच्या पोटात खोवलं की इंग्रजी डॉसच्या पडद्यावर भारतीय लिप्या उमटत. हार्डवेअरमधून आलेली सोयच ती! पुढे विंडोज आलं आणि कार्ड गेलं, फॉन्ट आले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकची आयएसएम, शिवाय आकृती. या सगळ्यांनी मराठीची मोठी सेवा केली. पण प्रत्येकानं चूल वेगळी मांडली. त्या काळी एका फॉन्टमध्ये जेमतेम दोनशे-सव्वादोनशे चिन्हांना जागा असे, आणि ती जागा मुळात इंग्रजी अक्षरांसाठी आखलेली. त्या खुर्च्यांवर आपली अर्धी-पाऊण अक्षरं, काने, मात्रा, रफार बसवले गेले. कुणाचा 'क' कुठल्या खुर्चीवर, ते ज्याचं त्यानं ठरवलं. फाइलमध्ये 'क' लिहिलेला नसतोच, खुर्चीचा क्रमांक असतो. तो फॉन्ट हजर असेल तर कविता दिसते. नसेल तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, डॉलरच्या खुणा आणि उलटे स्वल्पविराम यांचा सडा पडतो.

युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःची जागा १९९१ सालीच मिळाली होती, आणि २००० सालच्या विंडोजपासून ती वापरताही येऊ लागली. पण छपाईची दुकानं पुढची कित्येक वर्षं जुन्याच वाटेनं चालली. त्यांना पेजमेकर हवा होता आणि पेजमेकरला युनिकोडची मराठी जमत नव्हती. पेजमेकरची सातवी आणि शेवटची आवृत्ती २००१ साली निघाली. दुकानदारांना दोष देण्यात अर्थ नाही. पोट त्यावर होतं.

परिणाम असा, की साधारण १९९० ते २०१० या वीस वर्षांत महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत जे मराठी लिहिलं गेलं आणि यंत्रावर चढलं, त्यातलं पुष्कळसं आज अशा फाइलींत पडून आहे. छापून झालं ते निदान कागदावर उरलं. छापायचं राहिलं ते फक्त फाइलीत. आमच्याच जिल्ह्यातल्या अंबाजोगाईत दासोपंतांची पासोडी आहे. दासोपंतांचा काळ १५५१ ते १६१५. कागद पुरेना म्हणून म्हणा की आणखी कशासाठी, पण 'पंचीकरण' त्यांनी कापडावर लिहिलं. चारशे वर्षं उलटली, तरी ते कापड डोळ्यांसमोर पसरलं की वाचता येतं. पंचवीस वर्षांपूर्वीची फ्लॉपी डोळ्यांसमोर कितीही पसरा!

माझ्या एका कवी-मित्राचं असंच झालं. तो २००३ साली गेला. त्यानं १९९९ साली आपला संग्रह एका डीटीपी सेंटरमध्ये अक्षरजुळणी करून घेतला होता. छापायला पैसे जमले नाहीत. हस्तलिखित माळवदाच्या घरात लाकडी पेटीत होतं, त्याचा वाळवीनं भुगा केला. राहिल्या तीन फ्लॉप्या. काही महिन्यांपूर्वी त्याचा मुलगा त्या रुमालात बांधून घेऊन आला. म्हणाला, "चाचा, बाबांच्या कविता यात आहेत म्हणतात. बघा काही होतंय का." फ्लॉपी वाचणारं बाहेरून लावायचं यंत्र मिळवलं. तीनपैकी दोन वाचल्या गेल्या, तिसरी नुसतीच करकरली.

ओळखीच्या एका डीटीपीवाल्या मुलाकडे गेलो. फाइली हाती आल्या होत्या, पण उघडणार कशात? त्याचा संगणक नवा, विंडोज ६४ बिटांचं. त्या विंडोजमध्ये डॉसच्या आणि विंडोज-३.१ च्या काळातले १६ बिटांचे प्रोग्राम मुळीच चालत नाहीत. मघाशी सांगितलेला ३८६ चा पूल नेमका तिथं तुटलेला आहे, कारण प्रोसेसर ६४ बिटांच्या चालीत गेला की ती जुनी सोय वापरता येत नाही. फॉन्ट बदलून युनिकोड करून देणारे प्रोग्राम मिळतात, तेही त्यानं चालवून पाहिले. गद्य असतं तर भागलं असतं. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी डोळ्यांना दिसते तशी अक्षराच्या आधी लिहिलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचं याच्या उलट. त्या अदलाबदलीत 'मिर्झा'चं काहीतरी भलतंच झालं, आणि कवितेच्या ओळी तर सगळ्या एकमेकींत मिसळल्या. माझ्या मित्राला ओळ कुठं तोडायची याचा फार सोस होता. दोन शब्दांमध्ये मोकळी जागा किती, यावर तो ऑपरेटरशी भांडायचा.

शेवटी तो मुलगा म्हणाला, "सर, आतमध्ये एक्सपीच उभा करू." व्हर्च्युअलबॉक्स नावाचा मोफत मिळणारा पाटकरी त्यानं बसवला. एक्सपीची जुनी, पावतीसकट विकत घेतलेली सीडी त्याच्या वडिलांनी कपाटात जपून ठेवली होती. आणि पहिल्याच पावलाला पडद्यावर निरोप आला : बायोसमध्ये व्हीटी-एक्स बंद आहे. व्हर्च्युअलबॉक्सच्या जुन्या आवृत्त्या दुभाष्याच्या युक्तीवर काम भागवून घेत. २०१९ च्या अखेरीस आलेल्या ६.१ आवृत्तीपासून त्यांनी दुभाष्याला रजा दिली. आता बटण चालू असल्याशिवाय काहीच नाही. मुलानं यंत्र बंद केलं, सुरू होताना डिलीटची कळ धरून ठेवली, ती ओळ शोधली, 'डिसेबल्ड'चं 'एनेबल्ड' केलं, एफ-टेन दाबून बदल जतन केला आणि वायर काढून पुन्हा लावली. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम.

मग एक्सपी, त्यात पेजमेकर, त्यात तो फॉन्ट. चौकटीच्या आत पान उघडलं आणि ओळ त्यानं जिथं तोडली होती तिथंच तुटली. दोन फ्लॉप्यांतून एकेचाळीस कविता निघाल्या. आम्ही त्या आधी कागदावर छापून घेतल्या. युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करण्याचं काम सध्या चालू आहे, प्रत्येक ओळ त्या कागदाशी ताडून पाहत.

हे करून पाहण्याची इच्छा कुणाला असेल तर चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स'च्या पानावर सीपीयू निवडला की सोय चालू आहे की बंद ते तिथंच लिहिलेलं दिसतं. आधी ते पाहावं. बायोसमध्ये गेल्यावर तेवढी एकच ओळ बदलावी. शेजारची डिस्कची चाल बदलली तर विंडोज उठायचं नाही. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल तर त्याचा परतीचा क्रमांक आधी लिहून घ्यावा, कारण बायोसमध्ये हात घातला की कधी कधी तो मागितला जातो. आतला एक्सपी इंटरनेटला जोडू नये. ८ एप्रिल २०१४ नंतर मायक्रोसॉफ्टनं त्याची डागडुजी थांबवली आहे, त्याचे दरवाजे सताड उघडे आहेत. आणि जुन्या यंत्रात सोय चालू करूनही पुन्हा पुन्हा बंद होत असेल तर आतला रुपयाएवढा सेल पाहावा. तो संपला की घड्याळ मागे जातं आणि बायोस कारखान्यातून आला तेव्हाच्या स्थितीत परततो. भारनियमनाच्या त्या वर्षांत आमच्याकडे यंत्राला बाहेरची वीज कमी आणि सेलचाच आधार जास्त, त्यामुळे असली दुखणी घरोघर असत.

आणखी एक गंमत आहे. कधी कधी बायोसमध्ये सोय चालू असते, तरीही आतला संगणक कुरकुरतो. याचं कारण बहुधा असं, की विंडोजचा स्वतःचा पाटकरी, हायपर-व्ही, आधीच गादीवर बसलेला असतो. एका दारावर दोन पाटकरी नांदत नाहीत. २०२० च्या सुमारास व्हीएमवेअर आणि मायक्रोसॉफ्ट यांनी यात थोडी तडजोड केली, तरी वेग कमी होतोच.

मात्र या इतिहासाला मिळालेलं वळण पाहा. २००६ साली ज्या सोयीतून चोर घराखाली शिरेल म्हणून ती बंद ठेवत होते, तीच सोय वापरून आता विंडोज आपल्या तिजोरीची खोली वेगळी करतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज-११ मध्ये अनेक नव्या यंत्रांवर गाभ्याचा एक भाग अशा वेगळ्या खोलीत ठेवलेला असतो. मुख्य विंडोजमध्ये कुणी घुसला तरी त्या खोलीत त्याला जाता येऊ नये, अशी ही व्यवस्था. चोराची शिडी पहारेकऱ्याच्या हाती आली. त्यामुळे नव्या यंत्रांत बटण बहुतेक चालूच येतं. आता उलट खेळाडू मुलं दोन-चार टक्के वेगासाठी हा पहारा काढून टाकतात. मधल्या काळात, २०१८ च्या ऑगस्टमध्ये, इंटेलच्या प्रोसेसरांत एक खोट उघडकीस आली. एका पाहुण्याला दुसऱ्या पाहुण्याचं गुपित चोरून वाचता येत होतं. मोठ्या संगणक-केंद्रांना त्याचा घोर लागला, घरातल्या एकट्या एक्सपीला नाही.

माझ्या मित्राची तिसरी फ्लॉपी तशीच आहे. आणि दुसऱ्या एका परिचितांच्या घरून आणखी एक डबा आला आहे. बंद पडलेल्या एका साप्ताहिकाची काही वर्षांची पानं त्यात आहेत. ती ज्या मराठी प्रणालीत तयार झाली, तिच्याबरोबर एक चिमटीएवढं कुलूप येत असे. प्रिंटरची वायर जिथं लागते तिथं ते लावायचं. ते असेल तरच फॉन्ट जागा होई. इथं बायोसमधलं बटण चालू करून भागत नाही. आतला संगणक भासाचा असला तरी हे कुलूप खरं आहे, आणि नव्या लॅपटॉपला ते लावायला जागाच नाही. डब्यात फ्लॉप्या आहेत, पेजमेकरची सीडी आहे, कुलूपही आहे. प्रिंटरची ती जुनी, पंचवीस छिद्रांची जागा असलेला चालू स्थितीतला संगणक मात्र आम्ही अजून शोधत आहोत.